डायलिसिस आणि तळपायांची आग : प्रस्तावना

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर डायलिसिसवर जगणाऱ्या रुग्णाची चर्चा घरात आणि दवाखान्यात बहुधा क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि दोन डायलिसिसांच्या मधल्या काळात वाढलेले वजन यांच्याभोवती फिरते, आणि या आकड्यांच्या गर्दीत त्याचे पाय मागे पडतात. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तळपायांची आग सुरू होणे, बोटांना सुया टोचल्यासारखे वाटणे, पांघरुणाचा स्पर्शही सोसवेनासा होणे, आणि त्याच पायातली चप्पल चालता चालता कधी निसटली हे मात्र न कळणे, या तक्रारी डायलिसिस केंद्रांत नित्याच्या आहेत. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याबाहेर हातापायांपर्यंत पसरलेल्या मज्जातंतूंच्या या विकाराला परिघीय न्यूरोपॅथी म्हणतात. मधुमेहाच्या रुग्णांना ती होते, मूत्रपिंडाच्या रुग्णांना होते, आणि ज्यांना हे दोन्ही आजार आहेत त्यांच्यात ती अधिक लवकर व अधिक तीव्र दिसते. प्रस्तुत पुस्तक या एकाच तक्रारीला वाहिलेले आहे, कारण डायलिसिसवरील रुग्णाच्या बाबतीत तिचा उपचार इतरांसारखा करता येत नाही आणि तसा केल्यास कधी कधी दुखण्यापेक्षा औषधच जड जाते.

पुस्तकाची पार्श्वभूमी बंगळुरूची आहे. १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर असलेल्या या शहरात मराठी बोलणाऱ्यांचा वावर जुना आहे. पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स यांसारख्या कारखान्यांत नोकरीला आलेली कुटुंबे इथेच स्थिरावली आणि अलीकडच्या काळात सॉफ्टवेअरच्या नोकरीत असलेल्या मुलांकडे उतारवयात राहायला आलेल्या आईवडिलांची त्यात भर पडली. अशा कुटुंबातील मधुमेही वडिलांचे पाय दुखू लागले, तर शहरात तज्ज्ञांची वाण नाही. मूत्रपिंडांसाठी व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारातील नेफ्रो-युरॉलॉजी संस्था आहे, मज्जातंतूंसाठी होसूर रस्त्यावरचे निम्हान्स आहे, मधुमेही पायांसाठी कर्नाटक इन्स्टिट्यूट ऑफ एंडोक्रायनॉलॉजी या सरकारी संस्थेचा पोडियाट्री, म्हणजे पादचिकित्सा विभाग आहे, आणि पायांच्या रक्तवाहिन्यांसाठी वसंतनगरच्या भगवान महावीर जैन रुग्णालयातील रक्तवाहिनीशास्त्राची संस्था आहे. एकाच पायाची चार अंगे पाहणारी ही चार ठिकाणे शहराच्या चार भागांत आहेत, आणि आठवड्यातले तीन दिवस डायलिसिसमध्ये, उरलेल्या दिवसांतला बराचसा वेळ त्याच्या थकव्यात घालवणाऱ्या माणसाने बंगळुरूच्या रहदारीतून ती सगळी पालथी घालावीत ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. परिणामी पाय कोणाच्याच ताब्यात राहत नाही. मूत्रपिंडतज्ज्ञ तो मधुमेहतज्ज्ञांकडे सोपवतात, मधुमेहतज्ज्ञ मज्जातंतूंच्या तज्ज्ञांकडे, आणि दरम्यान कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून आणलेली गोळी चालू असते. जिथे रुग्ण आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा येतोच आणि चार तास पाय पसरून बसतोच, ते डायलिसिस केंद्र हेच त्याच्या पायांची निगा राखण्याचे खरे ठिकाण आहे, असे या पुस्तकाचे म्हणणे आहे.

डायलिसिसचा आणि पायांच्या मज्जातंतूंचा संबंध नवा नाही. तो दीर्घकालीन डायलिसिसइतकाच जुना आहे. नेदरलँड्समधील कांपेन या गावी विलेम कोल्फ यांनी १९४३ साली कृत्रिम मूत्रपिंडाचा पहिला वापर केला, तरी ते यंत्र काही दिवसांपुरतेच उपयोगी पडत असे, कारण प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. १९६० च्या मार्चमध्ये सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी कायमस्वरूपी बसवून क्लाइड शिल्ड्स या यंत्रकामगारावर वारंवार डायलिसिस करणे शक्य करून दाखवले, आणि शिल्ड्स त्यानंतर सुमारे ११ वर्षे जगला. त्या सुरुवातीच्या रुग्णांना आठवड्यातून मोजकेच तास डायलिसिस मिळे. ते जगत होते, परंतु त्यांच्यापैकी काहींचे, खुद्द शिल्ड्सचेही, पाय बधिर आणि दुबळे होऊ लागले, आणि डायलिसिसचे तास वाढवल्यावर हा विकार थांबला. त्यातूनच युरिया व क्रिएटिनिन यांच्यापेक्षा आकाराने मोठे असलेले, पडद्यातून सावकाश गाळले जाणारे काही पदार्थ मज्जातंतूंना विषारी ठरत असावेत, ही कल्पना पुढे आली. अशा पदार्थांना ‘मध्यम रेणू’ म्हणतात आणि त्यांचा शोध अजून पुरा झालेला नाही. डायलिसिस पुरेसे होत आहे की नाही हे आज रक्तातील युरियावरून मोजतात, पण त्या काळी ते आधी पायांनी सांगितले, ही गोष्ट आजच्या वाचकानेही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

महाराष्ट्रातील एका पिढीच्या वाचनात डायलिसिस हा शब्द आला तो बहुधा जयप्रकाश नारायण यांच्या आजारामुळे. आणीबाणीतील स्थानबद्धतेतून नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात दाखल करण्यात आले, मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात निधन होईपर्यंत ते डायलिसिसच्या आधारावर जगले. त्या काळी ही सोय देशात मोजक्या शहरांत आणि मोजक्या लोकांनाच उपलब्ध होती. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत गरिबांना विनामूल्य डायलिसिस मिळू लागले आणि चित्र पालटले. आज बेळगाव, बिदर किंवा कलबुर्गीच्या रुग्णाला त्यासाठी बंगळुरू गाठावेच लागते असे नाही. परंतु डायलिसिसवर वर्षानुवर्षे जगणाऱ्यांची संख्या वाढली, तसे त्या वर्षांचे ओझे वाहणारे पायही वाढले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि मूत्रपिंडे निकामी होण्याचे सर्वांत मोठे कारण मधुमेहच आहे, हे पाहता हा प्रश्न पुढे वाढतच जाणार आहे.

मज्जातंतूंची हानी पायांच्या बोटांपासूनच का सुरू होते, याचे उत्तर त्यांच्या लांबीत आहे. कमरेजवळच्या मुळापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत गेलेला तंतू शरीरातील सर्वांत लांब तंतूंपैकी असतो, त्याचे पोषण दूरवर पोचवावे लागते, आणि रक्तात साखर किंवा टाकाऊ द्रव्ये साचली की पहिला फटका या दूरच्या टोकाला बसतो. म्हणून बधिरपणा बोटांकडून घोट्याकडे, घोट्याकडून पोटरीकडे पायमोजा चढवावा तसा वर सरकतो आणि तो गुडघ्यापर्यंत आला की हातांची बोटेही बधिर होऊ लागतात. मधुमेहात वेदना व तापमान वाहून नेणारे बारीक तंतू लवकर बिघडतात, त्यामुळे आग, चमका आणि टोचणी अधिक असते. मूत्रपिंडाच्या आजारातून येणाऱ्या, म्हणजे युरेमियाच्या न्यूरोपॅथीत जाड तंतूंचा बिघाड अधिक असतो, त्यामुळे कंप जाणवेनासा होतो, घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशी होते, पाऊल अडखळते. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांत या दोहोंची सरमिसळ असते. शिवाय काही कारणे अशी असतात की जी शोधली तर दूर करता येतात, आणि तीच शोधायची राहून जातात: पूर्वी वर्षानुवर्षे घेतलेल्या मेटफॉर्मिनमुळे किंवा काटेकोर शाकाहारामुळे आलेली बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, डायलिसिसमध्ये पाण्याबरोबर निघून जाणारी बी गटातील इतर जीवनसत्त्वे, मद्यपान, आणि क्षयरोगावरील आयसोनायझिड हे औषध, ज्याच्यासोबत पायरिडॉक्सिन म्हणजे बी-६ जीवनसत्त्व दिले नाही तर ते स्वतःच मज्जातंतूंना इजा करते. डायलिसिसच्या रुग्णांत क्षयरोग वरचेवर आढळत असल्याने हे शेवटचे कारण आपल्याकडे विशेष महत्त्वाचे आहे. हेच पायरिडॉक्सिन मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले तर तेही न्यूरोपॅथी करते, त्यामुळे ‘जीवनसत्त्वच आहे, घेतले तर काय बिघडले’ हा समज इथे चालत नाही. तळपायांची आग आणि पोषण यांचा संबंध दक्षिण भारतात फार पूर्वीपासून पाहिला गेला आहे, आहारशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी १९४६ साली याच लक्षणावर शोधनिबंध लिहिला होता.

या आजारातील सर्वांत गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की वेदना आणि बधिरपणा एकाच पायात एकत्र नांदतात. रात्री ज्याच्या आगीने झोप उडते त्याच तळपायात दिवसा टाचणी घुसली तर कळत नाही, आणि दुखते आहे म्हणजे संवेदना शाबूत आहे अशी रुग्णाची व नातेवाइकांची समजूत होते. बिघडलेला तंतू बाहेरची खबर आत पोचवत नाही, पण स्वतःच खोट्या खबरा पाठवत राहतो. बधिर पायाचा अर्थ वैद्यकाने प्रथम मधुमेहातून ओळखला असे नाही. तो कुष्ठरोगातून ओळखला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४६ साली आलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बोटांची व पावलांची झीज नेमकी कशाने होते याचा बारकाईने अभ्यास केला, आणि मांस आपोआप झडत नाही, दुखत नसल्यामुळे रुग्ण त्याच जागेवर पुन्हा पुन्हा भार देत राहतो व तिथे जखम होते, हे दाखवून दिले. त्यातून मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या, म्हणजे एमसीआर चपलांचा वापर रूढ झाला. १९६० च्या दशकात ब्रँड अमेरिकेत गेले आणि हेच ज्ञान मधुमेहाच्या पायांना लागू झाले. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समितीतून उभे केलेले काम ज्यांच्या परिचयाचे आहे, त्या मराठी वाचकाला बधिर पायाची निगा ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. फक्त ती आता आपल्याच घरातल्या डायलिसिसवरील माणसालाही लागू आहे, एवढे लक्षात आणून द्यावे लागते.

पायाचे प्रत्येक दुखणे मात्र न्यूरोपॅथीचे नसते. डायलिसिसच्या शेवटच्या तासात पोटऱ्यांत येणारे गोळे हे बहुधा कमी वेळात जास्त पाणी ओढले गेल्याचे लक्षण असते, आणि त्यावरचा उपाय गोळीत नसून दोन डायलिसिसांमधल्या मीठ-पाण्याच्या आवराआवरीत असतो. संध्याकाळी आडवे झाले की पाय हलवल्यावाचून राहवत नाही आणि चार पावले चालले की बरे वाटते, हा अस्वस्थ पायांचा विकार निराळा. त्यात शरीरातील लोह तपासावे लागते. चालताना पोटरी दाटून येऊन थांबावे लागणे, पाऊल थंडगार असणे, रात्री पाय खाटेखाली लोंबता सोडल्यावर वेदना कमी होणे, ही रक्तपुरवठा अपुरा असल्याची चिन्हे आहेत आणि त्यांत दिरंगाई केल्यास पाय गमावण्याची वेळ येते. इथे डायलिसिसच्या रुग्णाबाबत एक विशेष सापळा आहे. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांची तुलना करून पायाचा रक्तपुरवठा अजमावण्याची सोपी चाचणी सर्वत्र केली जाते, परंतु या रुग्णांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून त्या इतक्या कडक झालेल्या असतात की पट्ट्याने दाबल्या जात नाहीत, आणि रक्तपुरवठा कमी असूनही चाचणीचा आकडा चांगला येतो. अशा वेळी अंगठ्यातील रक्तदाब मोजणे अधिक भरवशाचे ठरते. पाऊल एकाएकी गरम, लाल आणि सुजलेले दिसते, पण त्या मानाने दुखत नाही, तेव्हा हाडांचे सांधे ढासळू लागल्याची शक्यता असते. त्याला शार्को पाऊल म्हणतात, आणि संधिवात किंवा गाऊट समजून त्यावर चालत राहिल्यास पावलाची कमान कायमची मोडते.

औषधांच्या प्रकरणावर या पुस्तकाने सर्वाधिक पाने खर्च केली आहेत आणि ते योग्यच आहे. मज्जातंतूंच्या वेदनेवर आज सर्वाधिक लिहून दिली जाणारी दोन औषधे म्हणजे गॅबापेंटिन आणि प्रीगॅबॅलिन. ती दोन्ही यकृतात मोडली जात नाहीत, जशीच्या तशी मूत्रातून बाहेर पडतात. मूत्रपिंडे शाबूत असलेल्या माणसाच्या रक्तातील गॅबापेंटिन निम्म्यावर यायला ५ ते ७ तास लागतात. ज्याला लघवीच होत नाही अशा रुग्णात डायलिसिस नसलेल्या दिवशी त्यालाच सुमारे १३२ तास, म्हणजे साडेपाच दिवस लागतात, आणि डायलिसिस चालू असताना हा काळ जेमतेम ४ तासांवर येतो. या तीन आकड्यांत सगळी गोष्ट सामावलेली आहे. इतरांना दिवसातून तीनदा देण्याचे औषध या रुग्णाला सामान्यतः अल्प मात्रेत, तेही डायलिसिस संपल्यावर द्यायचे असते. आधी दिले तर ते यंत्रातून वाहून जाते, आणि रोज तीनदा दिले तर ते साचत राहते. साचलेल्या औषधाने रुग्ण दिवसभर गुंगीत राहतो, हातापायांना झटके येतात, बोलणे अडखळते, तोल जाऊन तो पडतो, क्वचित श्वास मंदावतो, आणि घरचे समजतात की वय झाले, किंवा अर्धांगाचा झटका आला. आपल्याकडे प्रीगॅबॅलिन ७५ मिलिग्रॅम आणि मिथाइलकोबालामिन म्हणजे बी-१२ यांची एकत्र कॅप्सूल ‘नसांची गोळी’ म्हणून सर्रास दिली जाते. डब्यावर जीवनसत्त्वाचे नाव ठळक असल्यामुळे ती टॉनिक असावी अशी समजूत होते, शेजाऱ्याला लागू पडली म्हणून चिठ्ठीवाचून घेतली जाते, आणि दिवसातून दोनदा ती घेणाऱ्या डायलिसिसच्या रुग्णाला आपण किती औषध घेत आहोत याची कल्पना नसते. ही औषधे वाईट आहेत असा याचा अर्थ नाही. योग्य मात्रेत आणि योग्य वेळी दिल्यास त्यांनी अनेकांना झोप परत मिळवून दिली आहे, आणि डायलिसिसच्या रुग्णांना छळणारी अंगाची खाजही त्यांनी बऱ्याचदा कमी होते. मात्र मात्रा ठरवणाऱ्याला रुग्ण डायलिसिसवर आहे, आठवड्यातून किती वेळा आहे आणि लघवी किती होते, हे ठाऊक असले पाहिजे.

बाकी औषधांचा हिशेबही असाच बदलतो. ड्युलॉक्सेटिन मधुमेही न्यूरोपॅथीत उपयोगी पडते, पण मूत्रपिंडे जवळपास बंद पडल्यावर ते टाळण्याचा सल्ला दिला जातो. अमिट्रिप्टिलिन यकृतात मोडते, त्यामुळे रात्री अगदी कमी मात्रेत ते देता येते, तरी त्याने तोंड कोरडे पडते आणि ज्याला दिवसाचे पाणी मोजून प्यायचे आहे त्याची तहान वाढते; हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांना ते देण्यापूर्वी ईसीजी पाहावा लागतो. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांचा मज्जातंतूंच्या आगीवर फारसा उपयोग होत नाही; उलट ज्यांना अजून थोडी लघवी होते त्यांची तीही बंद होऊ शकते आणि पोटात रक्तस्रावाची भीती असते, त्यात डायलिसिसमध्ये रक्त पातळ ठेवण्यासाठी हेपारिन दिलेले असते. ट्रॅमाडॉल जपून, मॉर्फिन शक्यतो नाही, कारण त्याच्या विघटनातून होणारे पदार्थ साचून राहतात. लिडोकेनची पट्टी किंवा मिरचीतील तिखट द्रव्यापासून केलेले कॅप्सेसिनचे मलम त्वचेवरच काम करते, रक्तात फारसे जात नाही, म्हणून या रुग्णांत त्याचा विचार लवकर व्हायला हवा. पण ते अखंड त्वचेवरच लावायचे असते, आणि पहिले काही दिवस कॅप्सेसिनने आग वाढते हे आधी सांगितले नाही तर दुसऱ्याच दिवशी ट्यूब फेकली जाते.

घरगुती उपायांची चर्चा अशा पुस्तकांत सहसा तुच्छतेने केली जाते. इथे ती टाळली आहे. तळपायांची आग म्हणजे ‘उष्णता’ ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे आणि काशाच्या वाटीने तूप लावून तळवे घासणे, मेंदीचा लेप देणे, हे उपाय प्रेमानेच केले जातात. वाटीने हलके घासण्यात सुख आहे आणि घासणारा माणूस रोज तळवा जवळून पाहतो हा त्याचा मोठा लाभ आहे. फक्त बधिर त्वचा सोलवटली तरी रुग्णाला कळणार नाही म्हणून हात हलका असावा, आणि बोटांच्या बेचक्यांत तूप-तेल राहू नये, कारण तिथे ओल राहिली की चिखल्या होतात. भीती आहे ती दोन गोष्टींची. पहिली शेकाची: गरम पाण्याच्या टपात पाय बुडवून बसणे किंवा रबरी पिशवी तळव्याशी ठेवून झोपणे, यातून झालेले भाजणे बधिर पायाला सकाळी फोड दिसेपर्यंत समजत नाही. पाण्याचा गरमपणा पायाने नव्हे, दुसऱ्या कोणी कोपराने पाहावा. दुसरी भीती शहाळ्याची. उष्णतेवर शहाळे हा उपाय बंगळुरूत प्रत्येक वळणावर हातगाडीवर मांडलेला असतो, मद्दूरच्या बाजारातून रोज माल येतो, आणि ज्याला डायलिसिस नाही त्याला तो खरोखर गुणकारी आहे. पण एका शहाळ्याच्या पाण्यात साधारण अर्धा ग्रॅम किंवा त्याहून अधिक पोटॅशियम असते, आणि ते बाहेर टाकायला मूत्रपिंडे नसलेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके त्याने थांबू शकतात. पायांची आग शमवण्यासाठी प्यायलेले शहाळे जिवावर बेतावे, यासारखी हळहळ वाटण्याजोगी गोष्ट दुसरी नाही. देवळाच्या फरशीबद्दलही एवढेच सांगावेसे वाटते की बंगळुरूची हवा सौम्य असली तरी मार्च-एप्रिलच्या दुपारी प्रदक्षिणेच्या मार्गावरचा दगड तापतो. दर्शन सकाळी घ्यावे आणि पायमोजे घालून जाण्यास कोणत्याही देवाची हरकत नसावी.

मूळ आजाराला हात घालणारे उपाय थोडे आहेत, पण आहेत. डायलिसिस पुरेसे होणे हा पहिला. खर्चामुळे किंवा कंटाळून तीनाचे दोन केले जातात, किंवा चार तासांतला शेवटचा अर्धा तास विनवणी करून सोडवून घेतला जातो, तेव्हा त्याचा जमाखर्च पायांच्या खात्यावर होतो हे रुग्णाला कोणी सांगत नाही. साखर आटोक्यात ठेवणे हा दुसरा. परंतु डायलिसिसच्या रुग्णात तांबड्या पेशींचे आयुष्य घटलेले असल्याने तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी ही चाचणी फसवी ठरू शकते, इन्सुलिन शरीरात अधिक काळ राहत असल्याने साखर अचानक उतरते, आणि फार वाढलेली साखर घाईघाईने खाली आणल्यास वेदना काही काळ उलट उफाळते. यशस्वी प्रत्यारोपणानंतर युरेमियाची न्यूरोपॅथी बऱ्याच अंशी सुधारते; मधुमेहाची तितकीशी नाही.

राहिला डायलिसिस केंद्राचा प्रश्न, आणि तोच या पुस्तकाचा गाभा आहे. मधुमेही पायांसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने संवेदना किंवा रक्तपुरवठा कमी असून मूत्रपिंडेही निकामी झालेल्या रुग्णाला सर्वाधिक जोखमीच्या गटात बसवले आहे आणि त्याचे पाय दर १ ते ३ महिन्यांनी तपासावेत असे सांगितले आहे. यासाठी लागणारी साधने अगदी साधी आहेत: १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक तंतू, जो तळव्याच्या ठरावीक जागी टेकवून रुग्णाला डोळे मिटून ‘कळले का’ असे विचारायचे, १२८ हर्ट्झचा एक ट्यूनिंग फोर्क, जो अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंप जाणवतो का ते पाहायचे, आणि चांगला उजेड. यंत्र सुरू झाल्यावर, सुया टोचून झाल्यावर, परिचारिकेला किंवा तंत्रज्ञाला एका रुग्णामागे पाच मिनिटे पुरतात. पायमोजे उतरवायचे, बोटांच्या बेचक्या उघडून पाहायच्या, टाचेच्या भेगा, घट्टे, कुरूप, नखांचे कोपरे पाहायचे, हाताच्या पालथ्या बाजूने दोन्ही पावलांचे तापमान ताडून बघायचे आणि जे दिसले ते डायलिसिसच्या नोंदवहीतच लिहायचे. घट्ट्याखाली काळसर डाग दिसला तर आत जखम आहे असे धरून चालायचे आणि तो घरी ब्लेडने कापू द्यायचा नाही. चार तास खुर्चीच्या कडेवर टाच टेकून राहते, त्या वेळात पाणी काढले जाऊन रक्तदाब उतरतो आणि पायांचा रक्तपुरवठा आणखी घटतो. म्हणून पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवणे ही बिनखर्चाची गोष्ट आहे, आणि ती फार थोड्या ठिकाणी केली जाते.

तपासणीबरोबर विचारणाही हवी. बंगळुरूच्या डायलिसिस केंद्रात तंत्रज्ञ कन्नड बोलतो, परिचारिका बऱ्याचदा केरळची असते, डॉक्टर इंग्रजीत लिहितात आणि सांगलीहून किंवा बेळगावहून मुलाकडे आलेली आजी मराठीत कण्हते. तिच्या ‘पायांत मुंग्या’, ‘आग’, ‘चमका’, ‘पाय माझे नसल्यासारखे’ या वर्णनांतून निदानाची निम्मी वाट सापडते, पण ती वर्णने ‘लेग पेन’ या दोन शब्दांत नोंदवहीत जातात. पुष्कळ रुग्ण तर सांगतच नाहीत. घरच्यांचा आधीच इतका वेळ आणि पैसा आपल्यापायी जात असताना पायांचे काय घेऊन बसायचे, असा संकोच त्यांना असतो, आणि रात्रभर न झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी डायलिसिसच्या खुर्चीत डोळे मिटून पडला की तो शांत आहे असे वाटते. वेदनेमुळे झोप जाते, झोपेवाचून मन खचते, खचलेले मन डायलिसिस सोडून देण्याच्या गोष्टी बोलू लागते. पायांच्या आगीचा विचार जिवाच्या प्रश्नापेक्षा दुय्यम मानणाऱ्यांनी ही साखळी शेवटपर्यंत पाहावी.

हे पुस्तक रुग्ण, त्यांची काळजी घेणारे नातेवाईक आणि डायलिसिस केंद्रांत काम करणाऱ्या परिचारिका व तंत्रज्ञ या तिघांसाठी आहे, आणि त्यातील कोणतीही मात्रा आपल्या डॉक्टरांना न विचारता घेण्यासाठी नाही. ज्यांच्या घरात डायलिसिसवरील माणूस आहे त्यांनी पुढची प्रकरणे वाचण्याआधी दोन गोष्टी कराव्यात: घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, काढे, भस्मे आणि जीवनसत्त्वे एका पिशवीत भरून पुढच्या डायलिसिसला मूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवावीत, आणि त्याच दिवशी यंत्र सुरू झाल्यावर पायमोजे उतरवून दोन्ही पाय तपासण्याची विनंती तिथल्या परिचारिकेला करावी.